चिकुनगुनियाची सांधेदुखी की आमवात?

पावसाळा सरत आला की पुण्यात जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरणारी माणसं दिसू लागतात. २०२४ साली शहरात चिकुनगुनियाची मोठी साथ आली, तेव्हा तर ‘ताप गेला, पण सांधे काही सोडत नाहीत’ हे सगळीकडे ऐकू यायचं. अशा दिवसांत एखादीला खरा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आरए), सुरू झालेला असतो आणि तोही चिकुनगुनियाच्या नावावर खपून जातो. मला स्वतःला आमवात आहे. त्यात गेलेला वेळ भरून निघत नाही, म्हणून हा फरक नीट कळावा असं मला मनापासून वाटतं.

पहिला फरक सुरुवातीचा. चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. चावल्यावर बहुधा तीन ते सात दिवसांत अचानक ताप चढतो, सांधे धरतात, बऱ्याच जणांच्या अंगावर पुरळ येतं. ‘मंगळवारी दुपारपर्यंत ठीक होते’ असं रुग्ण नेमकं सांगतो. आमवाताला सहसा अशी तारीख नसते. कणीक मळताना बोटं आखडतात, कुकरचं झाकण फिरवता येत नाही, स्कूटरचा ब्रेक दाबताना मनगटात कळ येते. हे आठवडे-महिने चालतं आणि आपण ते कामाच्या थकव्यावर ढकलतो. इथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटलेली असते. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार दोन-तीन पट जास्त दिसतो.

पण पुढे दोन्ही चित्रं इतकी सारखी होतात की अनुभवी डॉक्टरही लगेच निदान करत नाहीत. दोन्ही हातांची मनगटं, बोटांचे सांधे, घोटे. सूज, आणि सकाळी तासभर मूठ न वळणं. हे सगळं दोन्हींत असतं. तपासण्या मदत करतात, पण तारीख बघूनच. तापाच्या पहिल्या आठवड्यात पीसीआर तपासणीत विषाणू सापडू शकतो. साधारण पाचव्या दिवसापासून रक्तात आयजीएम, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेलं प्रतिपिंड, दिसू लागतं आणि पुढे काही महिने राहतं. त्यासाठीचे चाचणी संच आपल्या पुण्यातलीच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, तयार करते. १९५२ पासून ही संस्था इथे काम करते आहे. आमवातासाठी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या दोन रक्तचाचण्या बघतात. विषाणूजन्य तापानंतर आरए फॅक्टर काही काळ उगाच वाढलेला दिसू शकतो, त्यामुळे तेवढ्यावरून घाबरू नये. अँटी-सीसीपी अधिक भरवशाची. तरीही दोन्ही चाचण्या निगेटिव्ह असलेला आमवात असतोच.

खरा निवाडा काळ करतो. चिकुनगुनियाचे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत सावरतात. काहींची दुखणी महिनोन्‌महिने रेंगाळतात, क्वचित वर्षंही. आमवात आपणहून सहसा जात नाही. उपचार न केल्यास तो पहिल्या एक-दोन वर्षांतच हाड कुरतडू लागतो. म्हणून ताप जाऊन सहा आठवडे झाले आणि सूज तशीच असेल, तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञाला, दाखवावं. तीन महिने उलटले तर अजिबात थांबू नये.

‘एक इंजेक्शन घ्या, उद्या चालायला लागाल’ हा सल्ला मला सर्वांत धोक्याचा वाटतो. ते इंजेक्शन बहुधा स्टिरॉइडचं असतं आणि ते दोन्ही आजारांची सूज दाबतं. सूज दबली की ओळखण्याची खूणच पुसली जाते. तापाच्या दिवसांत डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत पॅरासिटामॉल सोडून दुसरी वेदनाशामक गोळीही मनाने घेऊ नये. आमवाताचं नेहमीचं औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. आमच्या घरी तो वार कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेला असतो.

हालचालीच्या बाबतीत मात्र दोन्ही आजार जवळ येतात. ताप असताना किंवा सांधे भडकलेले असताना विश्रांती हवीच, पण तेव्हाही दिवसातून काही वेळा प्रत्येक सांधा हळूच पूर्ण फिरवावा. भडका ओसरला की चालणं, पोहणं, स्नायूंना बळ देणारे व्यायाम सुरू करावेत. आठवड्याला १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम हे सर्वसाधारण माणसाचं उद्दिष्ट आमवात असलेल्यांनाही लागू आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. तिथवर सावकाश पोचावं. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांनी सुरुवात करू नये. उतरताना गुडघ्यांवर फार भार येतो. आधी सारसबागेतल्या सपाट वाटा. व्यायामानंतर वाढलेलं सांध्याचं दुखणं दोन तासांहून जास्त टिकलं तर पुढच्या वेळी थोडं कमी करावं, बंद करू नये. भाजीची पिशवी बोटांना न लटकवता खांद्याला अडकवावी.

तपासायला जाताना ताप कधी आला आणि कधी उतरला ते लिहून न्या, आणि सकाळी उठल्या उठल्या दोन्ही हातांचा फोटो काढून ठेवा. संध्याकाळच्या ओपीडीत नंबर लागेपर्यंत सूज बरीच उतरलेली असते, आणि डॉक्टरांना बघायची असते ती सकाळची बोटं.