बेट्टीचा आकडा: चमत्कार नव्हे, जातीची कारागिरी
२००२ साली ऑक्सफर्डमध्ये न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या बेट्टी नावाच्या कावळीनं सरळ तार वाकवून आकडा केला आणि उभ्या नळीतली खाऊची छोटी बादली वर ओढली. ही युक्ती तिला त्याच क्षणी सुचली, असं तेव्हापासून सांगितलं जातं. हा निष्कर्ष घाईचा आहे. बेट्टी रानातून पकडलेली होती. २०१६मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं, की याच जातीचे रानातले कावळे लवचिक काटक्यांची हत्यारं करताना त्या आपणहून वाकवतात. बेट्टीची हुशारी यानं कमी होत नाही. एकटीला प्रतिभावंत ठरवताना तिची अख्खी जात मात्र झाकोळली, हे मला खटकतं. बेचक्याच्या फांदीतून आकडा घडवायचा, केवड्याच्या जातीच्या काटेरी पानांच्या पट्ट्या कापायच्या आणि लाकडातल्या अळ्या उपसायच्या, हे या कावळ्यांचं नेहमीचंच काम.