थ्रोम्बोपोएटिन, पुनःसंयोजित मानवी

रक्तबिंबिकांच्या (प्लेटलेटच्या) उत्पादनाचे नियमन करणाऱ्या मानवी सायटोकाइनाचे (पेशींना संदेश देणाऱ्या प्रथिनाचे) जनुक-अभियांत्रिकीने तयार केलेले रूप. नैसर्गिक थ्रोम्बोपोएटिन मुख्यतः यकृतात तयार होते. त्याचे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर असून परिपक्व प्रथिनात ३३२ ॲमिनो अम्ले असतात. त्यांपैकी पुढचा अर्धा भाग एरिथ्रोपोएटिनशी (तांबड्या रक्तपेशींची निर्मिती वाढवणाऱ्या संप्रेरकाशी) मिळताजुळता असतो व ग्राहीला (संदेश स्वीकारणाऱ्या, पेशीवरील प्रथिनाला) तोच चिकटतो; शर्करायुक्त मागच्या भागामुळे रेणू रक्तात अधिक काळ टिकतो.

या घटकाला थ्रोम्बोपोएटिन हे नाव १९५८ मध्ये केलेमेन व त्यांच्या हंगेरियन सहकाऱ्यांनी दिले. पुढे सुमारे ३५ वर्षे तो शुद्ध स्वरूपात हाती लागला नाही. दरम्यान इंटरल्यूकिन-६ व इंटरल्यूकिन-११ या इतर सायटोकाइनांनीही बिंबिका वाढतात असे दिसल्याने असा स्वतंत्र घटक आहे तरी का, अशी शंका काहींनी घेतली. उलगडा झाला तो उंदरांत रक्ताचा कर्करोग घडवणाऱ्या एका विषाणूमुळे. त्याच्या कर्कजनुकाशी (कर्करोग घडवणाऱ्या जनुकाशी) जुळणारे मानवी एमपीएल जनुक १९९२ च्या सुमारास मिळाले. ते एका ग्राहीचे होते, पण त्याला चिकटणारा रेणू अज्ञात होता. १९९४ मध्ये अनेक गटांनी तो जवळजवळ एकाच वेळी शोधला. जेनेनटेक कंपनीने अस्थिमज्जा (हाडांतील रक्तपेशी तयार करणारी ऊती) निकामी केलेल्या डुकरांच्या रक्तद्रवातून, किरिन कंपनीने उंदरांच्या रक्तद्रवातून, तर झायमोजेनेटिक्स कंपनीने पेशीसंवर्धनातून. श्रेय एकाच गटाला देणे योग्य ठरणार नाही.

रक्तातील थ्रोम्बोपोएटिनच्या पातळीच्या नियमनाबाबत दोन मते आहेत. जुन्या मतानुसार यकृतातील निर्मिती बहुतांशी स्थिर असते. बिंबिका व मेगाकॅरिओसाइट पेशी (अस्थिमज्जेतील, बिंबिका तयार करणाऱ्या पेशी) हा रेणू शोषून घेतात, म्हणून बिंबिका घटल्या की तो रक्तात अधिक उरतो. मज्जा निकामी झालेल्या रुग्णांत पातळी खूप चढते. प्रतिकारजन्य बिंबिकान्यूनतेत (शरीराची प्रतिकारयंत्रणाच बिंबिका नष्ट करते अशा विकारात) मात्र मेगाकॅरिओसाइट पुरेशा असल्याने फारशी चढत नाही. ही निरीक्षणे या मताला पोषक आहेत. २०१५ मध्ये मांडलेल्या मतानुसार पृष्ठभागावरील सियालिक अम्ल (एक प्रकारची शर्करा) गमावलेल्या वृद्ध बिंबिका यकृतातील ॲशवेल-मोरेल ग्राहीला चिकटून निर्मिती वाढवतात. यामुळे पहिले मत बाद होत नाही. त्याला पूरक ठरते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. थ्रोम्बोपोएटिनचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांतही थोड्या बिंबिका उरतात, म्हणजे बिंबिकानिर्मिती सर्वस्वी याच रेणूवर अवलंबून नाही.

औषध म्हणून दोन रूपे तपासली गेली. सस्तन प्राण्यांच्या पेशींत बनवलेले पूर्ण लांबीचे प्रथिन हे एक. दुसरे जीवाणूंत बनवलेले, केवळ पुढचा भाग असलेले व पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे बहुवारिक जोडलेले. दुसऱ्या रूपाच्या चाचण्यांत काही व्यक्तींत प्रतिपिंडे तयार झाली. ती औषधापुरती राहिली नाहीत. शरीराच्या स्वतःच्या थ्रोम्बोपोएटिनलाही त्यांनी निष्प्रभ केले, आणि बिंबिका वाढवण्यासाठी दिलेल्या औषधानेच त्या घटल्या. यांत निरोगी स्वयंसेवकही होते, ही बाब विशेष गंभीर. १९९८ मध्ये या रूपाचा विकास थांबला.

पूर्ण लांबीचे रूप चीनमध्ये २००५ पासून वापरात आहे. केमोथेरपीनंतरची बिंबिकान्यूनता हा त्याचा पहिला उपयोग. ते त्वचेखाली टोचतात. परिणाम लगेच दिसत नाही. मेगाकॅरिओसाइट परिपक्व व्हाव्या लागत असल्याने संख्या काही दिवसांनी चढू लागते.

इतरत्र त्याची जागा २००८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या रोमिप्लोस्टिम व एल्ट्रोम्बोपॅग यांनी घेतली. दोन्ही त्याच ग्राहीला उद्दीपित करतात, पण रोमिप्लोस्टिमच्या ॲमिनो अम्लांच्या क्रमाचे नैसर्गिक रेणूशी साम्य नाही, तर एल्ट्रोम्बोपॅग हे प्रथिनच नाही. ते गोळीच्या रूपात घेता येते व ग्राहीच्या पेशीपटलातील भागाला चिकटते.