दहावा हिस्सा देवीला: इजिप्त-ग्रीस व्यापाराचे पुरावे

नाईलच्या पश्चिमेकडील फाट्यावर नौक्रातिस नावाची ग्रीक व्यापाऱ्यांची वसाहत होती. फारो अमासिसने ती ग्रीकांना दिली, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. मात्र १८८४-८५ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीने तिथे खोदकाम केले, तेव्हा मिळालेली काही खापरे अमासिसच्याही आधीची, इ.स.पू. सातव्या शतकाच्या अखेरची निघाली. देवळाच्या आवारातल्या फुटक्या भांड्यांवर ग्रीक अक्षरांत कोरले होते: ‘मी अपोलोचा’.

व्यवहार त्याहून जुनाच. इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या अमार्नात, म्हणजे इजिप्तच्या तेव्हाच्या राजधानीत, मायसिनी (प्राचीन ग्रीसमधली) भांडी सापडली आहेत. पण खापरांवरून माल आला एवढेच कळते. बदल्यात गेलेले धान्य आणि पपायरस (लव्हाळ्यापासून केलेला कागद) मागे खूण ठेवत नाहीत. त्या बाजूचा अंदाज चांदीवरून येतो. इजिप्तमधल्या अस्यूत गावी सापडलेल्या साठ्यात ग्रीक जगातल्या अनेक शहरांची मिळून सुमारे ९०० नाणी होती आणि कित्येकांवर छिन्नीचे घाव होते. इजिप्तमध्ये नाण्यावरच्या शिक्क्याला किंमत नव्हती. चांदी अस्सल आहे ना ते पाहायचे, तोलायची आणि घ्यायची.

सर्वांत बोलका पुरावा मात्र सरकारी आहे. १८९९ मध्ये नौक्रातिसला एक काळी शिळा मिळाली. तिच्यावर फारो नेक्तानेबो पहिला याचे इ.स.पू. ३८० चे फर्मान आहे: ग्रीकांच्या समुद्रातून येणारे सोने, चांदी, लाकूड या सगळ्यावर आणि नौक्रातिसच्या उत्पन्नावर दहावा हिस्सा साईस शहराच्या नीथ देवीला. शंभरेक वर्षांनी फ्रेंच सागरी पुरातत्त्वज्ञ फ्रांक गोदिओच्या पाणबुड्यांना अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीरच्या उपसागरात हुबेहूब तशीच शिळा सापडली. मजकूर तोच, फक्त ती कुठे उभारायची त्या गावाचे नाव वेगळे: थोनिस. ग्रीक ज्याला हेराक्लिऑन म्हणत, ते बुडालेले बंदर हेच, हा वाद तिथे मिटला. त्याच तळाशी साठहून अधिक जहाजांचे अवशेष आहेत.

जकातीची वहीही शिल्लक राहिली आहे, तीही नशिबाने. नाईलमधल्या एलिफंटाइन बेटावरच्या एका पपायरसवरचा जुना हिशोब पुसून कुणीतरी त्यावर अहिकार नावाच्या शहाण्या मंत्र्याची गोष्ट लिहिली. पुसट अक्षरे वाचल्यावर कळले, की इ.स.पू. पाचव्या शतकात आयोनियन (आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या ग्रीकांच्या) जहाजांकडून सोन्याचांदीत जकात घेतली जात होती आणि परतताना ती नॅट्रॉन, म्हणजे इजिप्तचा सोड्याचा खार, भरून नेत. त्यावरही वेगळी जकात होतीच.