हंगामी सरकार, हिंदुस्थानचे (१९४६–४७)

ब्रिटिश सत्तेच्या अखेरच्या वर्षात हिंदुस्थानचा केंद्रीय कारभार पाहणारे बहुपक्षीय शासन. यास ‘अंतरिम सरकार’ असेही म्हणतात. ते २ सप्टेंबर १९४६ रोजी अधिकारावर आले. कायद्याच्या दृष्टीने ते व्हाइसरॉयचे कार्यकारी मंडळच होते. १९३५ च्या कायद्यातील संघराज्यविषयक भाग अमलात न आल्याने केंद्रात १९१९ च्या कायद्याची चौकट संक्रमणकालीन तरतुदींच्या रूपाने टिकून होती, आणि तीनुसार सभासद विधिमंडळाला नव्हे, तर गव्हर्नर-जनरलमार्फत ब्रिटिश सरकारला जबाबदार असत. व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल मंडळाचे अध्यक्ष, तर जवाहरलाल नेहरू उपाध्यक्ष होते. मात्र वेव्हेल यांनी ३० मे १९४६ रोजी काँग्रेसाध्यक्ष मौलाना आझाद यांना पत्र लिहून, ब्रिटिश सरकार नव्या सरकारशी वसाहतीच्या दर्जाच्या (डोमिनियनच्या, म्हणजे साम्राज्यांतर्गत स्वायत्त देशाच्या) सरकारप्रमाणेच विचारविनिमय करील आणि दैनंदिन कारभारात त्याला शक्य तितके स्वातंत्र्य राहील, अशी ग्वाही दिली होती. या पत्राच्या आधारे काँग्रेस मंडळाला मंत्रिमंडळ मानी; मुस्लिम लीग कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवून त्याला कार्यकारी मंडळच म्हणे. पुढील बहुतेक वादांचे मूळ या मतभेदात आहे.

सभासदांच्या जातवार व पक्षवार प्रमाणाचा प्रश्न त्याआधीचा आहे. १९४५ च्या सिमला परिषदेत सवर्ण हिंदू व मुसलमान यांना समान जागा देण्याची कल्पना पुढे आली होती. पण सर्व मुसलमान सभासद लीगनेच सुचवावेत, या महंमद अली जिनांच्या आग्रहामुळे परिषद फसली. मार्च १९४६ मध्ये पेथिक-लॉरेन्स, क्रिप्स व अलेक्झांडर या ब्रिटिश मंत्र्यांचे त्रिमंत्री शिष्टमंडळ आले. त्याच्या १६ मेच्या निवेदनात घटना बनविण्याची दीर्घकालीन योजना, तर १६ जूनच्या निवेदनात हंगामी सरकारची यादी होती. तीत १४ जागा होत्या : काँग्रेस ६ (त्यांपैकी एक अनुसूचित जातींची), लीग ५ आणि शीख, भारतीय ख्रिस्ती व पारशी प्रत्येकी १. आपल्या वाट्यातून राष्ट्रीय विचारांचा मुसलमान नेमण्याचा हक्क नाकारला गेल्याने काँग्रेसने २५ जून रोजी ही यादी फेटाळली. १६ मेची योजना मात्र स्वतःच्या अर्थबोधासह स्वीकारली.

येथे १६ जूनच्या निवेदनातील परिच्छेद ८ निर्णायक ठरला. दोन्ही मोठे पक्ष किंवा त्यांपैकी एखादा सरकारात येण्यास राजी नसल्यास, १६ मेचे निवेदन मान्य असणाऱ्यांचे शक्य तितके प्रातिनिधिक सरकार व्हाइसरॉय बनवतील, असे त्यात म्हटले होते. यादी काँग्रेसने नाकारली असल्याने सरकार बनविण्यास आपल्याला पाचारण झाले पाहिजे, असा लीगचा दावा होता. १६ मेची योजना दोघांनीही स्वीकारली असल्याने वाटाघाटी नव्याने सुरू करणे भाग आहे, असे शिष्टमंडळाने ठरविले. जिनांनी याला विश्वासघात म्हटले. परिच्छेदाचा मजकूर पाहता एकट्या लीगला सत्ता देण्याचे वचन त्यात आढळत नाही. तथापि तो मुळात काँग्रेस नव्हे, तर लीग नकार देईल या अपेक्षेने लिहिला गेला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यामुळे त्याचा उलटा उपयोग होण्याची वेळ येताच तो गैरसोयीचा झाला. तात्पुरता कारभार मुख्यतः अधिकाऱ्यांच्या काळजीवाहू मंडळाकडे गेला. लीगने २९ जुलै रोजी मुंबईत आपली मान्यता मागे घेऊन प्रत्यक्ष कृतीचा ठराव केला, आणि १६ ऑगस्टपासून कलकत्त्यात भीषण दंगल उसळली.

वेव्हेल यांनी ऑगस्टच्या आरंभी काँग्रेसला निमंत्रण दिले. २४ ऑगस्टला जाहीर झालेल्या यादीत १२ नावे होती : नेहरू, वल्लभभाई पटेल, राजेंद्र प्रसाद, चक्रवर्ती राजगोपालाचारी, असफ अली, शरच्चंद्र बोस, जगजीवन राम, जॉन मथाई, बलदेव सिंग, कुवरजी भाभा, शफात अहमद खान व सय्यद अली झहीर. दोन मुसलमान जागा मोकळ्या ठेवल्या होत्या. शफात अहमद खान यांच्यावर त्याच दिवशी सिमल्यात सुरीहल्ला झाला. १९४२ पासून मजूर खाते सांभाळलेले डॉ. आंबेडकर यादीत नव्हते. अनुसूचित जातींना एकच जागा दिल्याबद्दल त्यांनी तीव्र हरकत घेतली होती.

भोपाळच्या नवाबांच्या मध्यस्थीने झालेल्या नेहरू-जिना बोलण्यांतून काही निष्पन्न झाले नाही. पण वेव्हेल यांच्याशी परस्पर वाटाघाटी करून लीग २६ ऑक्टोबरला सरकारात आली. बोस, खान व झहीर यांनी जागा सोडल्या आणि लियाकत अली खान (अर्थ), इब्राहिम चुंद्रीगर (व्यापार), अब्दुर रब निश्तर (दळणवळण), गझनफर अली खान (आरोग्य) व जोगेंद्रनाथ मंडल (विधी) यांचा समावेश झाला. एकूण संख्या १४ झाली. आता सवर्ण हिंदू ४, मुसलमान ५ व अनुसूचित जातींचे २ सभासद होते. ज्या समान जागांवरून सिमल्यापासून वाद चालला होता, त्यांचा हिशेब व्यवहारात बदलून गेला होता. मंडल हे बंगालमधील अनुसूचित जातींचे पुढारी होते. त्यांची निवड करून काँग्रेसने मुसलमान नेमण्यास लीगने प्रत्युत्तर दिले, असे सामान्यतः समजले जाते.

गृहखाते लीगला द्यावे, अशी वेव्हेल यांची इच्छा होती. पटेलांनी ते सोडण्यास ठाम नकार दिला. अर्थखाते देण्याची सूचना रफी अहमद किडवाई यांची, असे आझादांनी आठवणींत नमूद केले आहे. हे लेखन नंतरचे व पटेलांविषयी प्रतिकूल असल्याने त्यावर सर्वस्वी विसंबता येत नाही. अर्थखात्यामुळे प्रत्येक खात्याच्या खर्चावर लीगचे नियंत्रण आले, एवढे मात्र निर्विवाद आहे. लियाकत अलींनी २८ फेब्रुवारी १९४७ रोजी मांडलेल्या अंदाजपत्रकात एक लाख रुपयांवरील व्यापारी नफ्यावर २५ टक्के कर सुचविला होता. त्यास उद्योगपतींचा व काँग्रेसमधील अनेकांचा विरोध झाल्याने दर कमी करावा लागला.

बैठकीपूर्वी सभासदांशी अनौपचारिक चर्चा करण्याची नेहरूंची पद्धत लीगच्या सभासदांनी झुगारली, आणि त्यांचा गट लियाकत अलींच्या नेतृत्वाखाली वेगळा वागू लागला. ९ डिसेंबरला सुरू झालेल्या घटना समितीवर लीगने बहिष्कार टाकल्याने फेब्रुवारी १९४७ मध्ये काँग्रेस व अल्पसंख्याक सभासदांनी लीगच्या मंत्र्यांच्या राजीनाम्याची मागणी केली. २० फेब्रुवारीला ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी सत्तांतराची घोषणा केल्यावर ही मागणी मागे पडली. दरम्यान असफ अली अमेरिकेत राजदूत झाल्याने आझाद मंडळात आले. फाळणीची ३ जूनची योजना मान्य झाल्यानंतर, १९ जुलै १९४७ रोजी सरकारचे हिंदुस्थान व पाकिस्तान यांसाठी दोन स्वतंत्र गट करण्यात आले. १५ ऑगस्टच्या दिल्लीतील मंत्रिमंडळात नेहरू, पटेल, प्रसाद, आझाद, मथाई, बलदेव सिंग, जगजीवन राम व भाभा कायम राहिले, तर राजगोपालाचारी पश्चिम बंगालचे राज्यपाल झाले. लीगचे पाचही सभासद पाकिस्तानच्या पहिल्या मंत्रिमंडळात गेले.