कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरचा डिफेन्समन

२८ जून २०२४ ला लास वेगासमध्ये एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या, ड्राफ्टमध्ये न्यू जर्सी डेव्हिल्सनी दहाव्या क्रमांकावर अंतोन सिलायेव्ह या रशियन डिफेन्समनचं, म्हणजे बचाव खेळाडूचं, नाव घेतलं. वय अठरा, उंची २०१ सेंटिमीटर, डाव्या हाताची स्टिक, क्लब निझनी नोवगोरोदचा तोर्पेदो. जन्म सारोवचा. हे अण्वस्त्र संशोधनाचं बंद शहर, परवान्याशिवाय बाहेरच्या माणसाला आत पाय ठेवता येत नाही. रशियन डिफेन्समन हेरण्याच्या इतिहासाला शोभेल असंच जन्मगाव. पोरगा खेळतो कसा हे पुढचं; आधी तो नीट बघायला मिळणार कुठे, आणि पसंत पडला तरी येणार कधी, यातच स्काउटांची, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांची, पन्नास वर्षं गेली आहेत.

आयपीएलच्या सवयीनं ड्राफ्टला लिलाव समजू नये. इथे बोली नसते. ३२ क्लब पाळीपाळीनं सात फेऱ्यांत २२४ नावं घेतात. १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण होत असतील तर मुलगा त्या वर्षी पात्र, १६ तारखेचा असेल तर पुढच्या वर्षी. म्हणजे एकाच यादीत जवळजवळ वर्षाचं अंतर असलेली मुलं येतात. सतराव्या वर्षी वर्षभराचा फरक म्हणजे खांद्यात आणि मांड्यांत दिसणारा फरक, म्हणून जाणता स्काउट गोलांच्या आधी जन्मतारीख बघतो.

चुकांची सुरुवात १९७२ पासून सांगता येते. कॅनडा-सोव्हिएत मालिकेआधी कॅनडाचे दोन स्काउट रशियात जाऊन आले. त्यांनी पाहिलेल्या सामन्यात वीस वर्षांच्या व्लादिस्लाव त्रेत्याकनं ढिगानं गोल खाल्ले, कारण त्याचं लग्न तोंडावर होतं. ‘गोलरक्षक कच्चा’ असा निरोप गेला आणि २ सप्टेंबरला माँट्रिऑलमध्ये सोव्हिएत संघानं पहिलाच सामना ७-३ नं जिंकला.

पुढे ड्राफ्टमध्ये सोव्हिएत नावं घेणं हे लॉटरीचं तिकीट काढण्यासारखं होतं. १९७५ मध्ये फिलाडेल्फियानं रिगाच्या विक्टर खातुलेव्हला १६० वं नाव म्हणून घेतलं. तो पहिला सोव्हिएत खेळाडू. आला मात्र कधीच नाही. व्याचेस्लाव फेतिसोव्हची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्या काळातला हा जगातला बहुधा सर्वोत्तम डिफेन्समन १९७८ मध्ये माँट्रिऑलनं २०१ व्या, तर १९८३ मध्ये न्यू जर्सीनं १५० व्या क्रमांकावर घेतला. इतका खाली का, तर सीएसकेए हा लष्कराचा क्लब होता आणि खेळाडू कागदोपत्री सैनिक. शेवटी १९८९ मध्ये, एकतिशीत, तो अमेरिकेत उतरला. त्याच वर्षी डेट्रॉइटनं २२१ व्या क्रमांकावर व्लादिमिर कोन्स्तान्तिनोव्हला घेतलं. आठ वर्षांनी तो स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकणाऱ्या संघाचा आधारस्तंभ होता. तेव्हा स्वस्तात मिळाले ते रशियन डिफेन्समन कमी कसाचे नव्हते. क्लब त्यांच्या येण्यावर पैज लावायला कचरत होते.

सोव्हिएत संघ मोडला आणि भाव लगेच वर गेले. १९९२ मध्ये दारियुस कास्पारायटिस पाचवा, सर्गेई गोंचार चौदावा. मग २००५ पासून रशियाशी हस्तांतराचा करार राहिला नाही, आणि २००८ मध्ये केएचएल ही रशियाची मोठी लीग उभी राहिली. करार नाही म्हणजे खेळाडू सोडल्याचा मोबदला नाही; मग रशियन क्लब त्याला मुदत संपेपर्यंत का सोडेल? ही कोंडी टाळायला मुलं लहानपणीच समुद्र ओलांडू लागली. निकिता झादोरोव्ह, इवान प्रोवोरोव्ह, मिखाईल सेर्गाचोव्ह हे तिघंही कॅनडाच्या ज्युनिअर लीगमधून पहिल्या फेरीत गेले. तिथे स्काउटाला गाडी काढून आठवड्यात तीनदा सामना बघता येई.

फेब्रुवारी २०२२ नंतर ही सोय आटली. रशियन संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बाद झाले, त्यामुळे अठरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत समवयस्कांशी होणारी तुलनाच गेली. उरला व्हिडिओ, आणि डिफेन्समनच्या बाबतीत व्हिडिओ फार फसवतो. कॅमेरा पकमागे, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीमागे, धावतो. पक डाव्या कोपऱ्यात असताना उजवा डिफेन्समन गोलसमोर कोणाला धरून उभा आहे, मान वळवून मागे बघतोय का, हे चौकटीतच येत नाही. स्टेडियममध्ये स्काउट गोलामागच्या कोपऱ्यात उंचावर बसतो आणि पक सोडून त्या एकाच मुलावर नजर ठेवतो. बघायचं ते हे: कोपऱ्यातल्या पककडे जाताना तो खांद्यावरून किती वेळा मागे बघतो, पहिला पास सहकाऱ्याच्या स्टिकवर जातो की घाबरून काचेवर आदळतो, आणि उलटं स्केटिंग करताना दोन्ही बाजूंना सारख्याच सफाईनं वळतो का. उंच मुलं बहुधा एका बाजूला अडखळतात. समोरच्या संघाला ते दुसऱ्या सत्रापर्यंत कळतं.

दुसरी फसगत बर्फाच्या मापाची. एनएचएलचा रिंक (बर्फाचं मैदान) सुमारे २६ मीटर रुंद, जुना आंतरराष्ट्रीय ३०, केएचएलमध्ये वेगवेगळी मापं. चार मीटर जास्त म्हणजे प्रत्येक कडेला दोन मीटर. त्यामुळे चढून येणारा फॉरवर्ड क्षणभर उशिरा पोचतो आणि सावकाश वळणारा डिफेन्समनही शांत डोक्याचा वाटतो. अहवालात सामना कुठल्या रिंकवरचा ते लिहिलं नसेल तर तो अर्धाच धरावा.

आकड्यांचंही तेच. एमएचएल या रशियाच्या ज्युनिअर लीगमध्ये वीस वर्षांची मुलं असतात, तर केएचएलमध्ये सतरा वर्षांच्या पोराला बहुधा बाकावर बसवून तीन-चार मिनिटं देतात. तिथे शून्य गुण (गोल आणि असिस्ट मिळून) मिळाले म्हणून काहीच ठरत नाही. सिलायेव्हचं वेगळेपण इथे होतं: २०२३-२४ मध्ये तोर्पेदोचा प्रशिक्षक इगोर लारियोनोव्हनं त्याला मोठ्यांच्या संघात ६३ सामने खेळवलं. ३ गोल, ८ असिस्ट, आणि त्यातले बहुतेक हंगामाच्या सुरुवातीलाच. ‘पुढे आटला’ असं म्हणणारे होते. माझ्या मते ते गुणांचा रकाना बघत बसले. त्या अंगाचा मुलगा फॉरवर्डला ब्लू लाइनवरच, म्हणजे बचावक्षेत्राच्या सीमारेषेवरच, कडेला दाबतो, आणि त्यातून झालेली बचत कुठल्याच रकान्यात जमा होत नाही.

त्याचा तोर्पेदोशी करार २०२५-२६ पर्यंतचा, हे न्यू जर्सीला माहीत होतं. थांबण्यात नवं काही नाही. यारोस्लावलच्या लोकोमोतिवचा डिफेन्समन द्मित्री सिमाशोव्ह २०२३ मध्ये अ‍ॅरिझोनानं सहावा घेतला. तो २०२५ मध्ये केएचएलचा गागारिन कप जिंकून आला, तोवर अ‍ॅरिझोनाचा संघ गाशा गुंडाळून युटाला गेला होता.