हौसेच्या बोटीतील सुटलेल्या आतील पट्ट्या व अस्तर : दुरुस्ती

हौसेच्या बोटीच्या केबिनमध्ये फायबरग्लासचा उघडा सांगाडा झाकण्यासाठी लाकडी पट्ट्या, प्लायवुडचे तक्ते, कडेची बीडिंग आणि छताला रेक्झीनचे अस्तर बसवतात. काही वर्षांत यांतले काही ना काही सुटतेच. लाटेवर आपटताना सांगाडा किंचित वाकतो, इंजिनाची थरथर सतत चालू असते आणि उन्हाने तापलेल्या डेकखाली गोंद मऊ पडतो.

पहिला संशय मात्र पाण्याचा घ्यावा. डेकवरच्या कड्या, कठड्याचे खांब व खिडक्या यांच्या सांध्यांतून पाणी झिरपते आणि आतल्या लाकडापर्यंत पोहोचते. स्क्रूभोवतीचा काळा डाग, फुगलेले प्लायवुड, गंजाचा ओघळ ही त्याची लक्षणे. गळती न शोधता पट्टी परत ठोकणे म्हणजे दुखणे झाकणे. आधी सांधा नव्याने सील करावा, लाकूड पूर्ण वाळू द्यावे, मग दुरुस्तीला हात घालावा.

स्क्रू नुसता गरगर फिरत असेल, तर भोक झिजलेले असते. त्यात काडी कोंबून स्क्रू आवळणे ही तात्पुरती सोय झाली. टिकाऊ उपाय म्हणजे भोक मोठे करून सिलिका पूड घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीने (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारी राळ) भरणे आणि ते कडक झाल्यावर स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडणे. खाऱ्या पाण्यात 316 प्रतीचे स्टेनलेस स्टील 304 पेक्षा चांगले टिकते. पितळेतले जस्त निघून जाते आणि स्क्रू ठिसूळ होतो. जास्त लांबीचा स्क्रू हा खरा धोका आहे, कारण पलीकडे वायर, इंधनाची नळी किंवा बोटीचे कवचच असते. म्हणून ड्रिलच्या बिटाला खोली दाखवणारी चिकटपट्टी गुंडाळावी. सागवान तेलकट असल्याने चिकटवण्याआधी अॅसिटोनने पुसावे आणि तेल पुन्हा वर येण्याआधीच गोंद लावावा.

लोंबणाऱ्या छताच्या अस्तराची गोष्ट वेगळी. दोष बहुधा गोंदाचा नसतो. रेक्झीनच्या पाठीवरचा फोम उष्णता व दमटपणाने कुजून त्याची भुकटी होते आणि भुकटीला काहीच चिकटत नाही. त्यामुळे वरून सुईने गोंद सोडण्याचा खटाटोप बहुतेक वाया जातो. अस्तर उतरवून सगळा फोम खरवडून काढावा लागतो. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. नव्या अस्तरासाठी उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट गोंद दोन्ही पृष्ठांना लावून हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळवतात, मग मधून कडेकडे दाबत नेतात. एकदा टेकले की सरकवता येत नाही. या गोंदाची वाफ पेट घेते, म्हणून केबिनच्या खिडक्या उघड्या हव्यात आणि ठिणगी उडेल असे काही चालू नको.

कायमच्या पकडीचे पॉलियुरेथेन सीलंट आतल्या पट्ट्यांना वापरू नये. त्यांच्यामागेच डेकवरच्या कड्या-खांबांचे नट असतात आणि गळती झाली की तिथे हात पोहोचावा लागतो. सिलिकॉनही टाळावे : त्याचा राहिलेला पातळ थर पुढच्या गोंदाला किंवा वार्निशला धरू देत नाही. स्क्रूवरची लाकडी बुचेही पुढे काढता यावीत म्हणून गोंदाऐवजी वार्निशमध्ये बुडवून, रेषा जुळवून ठोकतात. तक्ता परत लावताना त्याच्या पाठीवर मागच्या वायर व नटांच्या जागा पेन्सिलीने लिहून ठेवाव्यात.