‘मेल केलाय, जरा स्पॅममध्ये बघा’

भोसरीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशन कारखान्याच्या ऑफिसात मागच्या पावसाळ्यात मी दोन दुपारी काढल्या. तक्रार एका वाक्याची होती: कोटेशनं पोचतात, बिलं पोचत नाहीत. दोन्ही कंपनीच्याच डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरून, जायची, एकाच गिऱ्हाइकाला. अकाउंट्सच्या मॅडमना आता सवयच झाली होती. बिल पाठवलं की लगेच फोन उचलायचा आणि म्हणायचं, ‘साहेब, मेल केलाय, जरा स्पॅममध्ये बघा.’ पेमेंटचे ४५ दिवस बिल हाती पडल्यापासून मोजणारं गिऱ्हाईक असलं की हा फोन टाळता येत नाही.

त्यांनी घरगुती उपाय सगळे करून पाहिले होते. विषयातला ‘अर्जंट’ काढला, पीडीएफ लहान केली, सहीखालचा लाल ठसठशीत मजकूर काळा केला. फरक शून्य. खोट मेलच्या मजकुरात नव्हतीच. ती कुठे होती हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागतं, कारण आज आपलं बिल ज्या चाळण्यांतून जातं त्यातली प्रत्येक चाळणी कुठल्यातरी जुन्या लबाडीनंतर बसवलेली आहे.

ईमेल जन्माला आलं ते ओळखीपाळखीच्या लोकांत. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्यावर विद्यापीठं, संशोधन संस्था आणि संरक्षण खात्याचे ठेकेदार होते. कोण कुठे बसतो हे बहुतेकांना माहीत. तरी जॉन पोस्टेल या संगणकशास्त्रज्ञांनी नोव्हेंबर १९७५ मध्येच एक छोटं टिपण लिहून ठेवलं होतं, की नको असलेले संदेश निवडून नाकारण्याची सोय यजमान संगणकाकडे नाही. तेव्हा ते कुणी फार मनावर घेतलं नाही.

३ मे १९७८ ला त्याची प्रचिती आली. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे विक्री अधिकारी गॅरी थ्युर्क यांना नव्या डेकसिस्टिम-२० संगणकाची प्रात्यक्षिकं लॉस एंजेलिस आणि सॅन मटेओला दाखवायची होती. छापील डिरेक्टरीतून पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे ४०० पत्ते काढून एकच मेल पाठवायचं ठरलं. पत्ते इतके झाले की मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या पत्त्याच्या रकान्यात मावेनात. उरलेले खालच्या मजकुरात सांडले. म्हणजे लोकांनी मेल उघडला तर आधी पत्त्यांचीच भली मोठी यादी. जाळं चालवणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी कानउघाडणी केली आणि प्रकरण मिटलं. ‘स्पॅम’ हा शब्द मात्र नंतरचा. १९३७ पासून विकल्या जाणाऱ्या डबाबंद मांसाचं ते नाव. ब्रिटिश टीव्हीवरच्या एका विनोदी प्रवेशात ते इतक्यांदा ओरडलं जातं की बाकी बोलणं ऐकूच येत नाही, त्यावरून संगणकवाल्यांनी उचललं.

ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेल यांनीच एसएमटीपीचे, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला मेल कसा द्यायचा याचे, नियम लिहिले. आपलं आजचं मेल त्याच रुळांवर चालतं आणि आपली निम्मी डोकेदुखी तिथेच आहे, म्हणून जरा थांबून बघू. पाठवणारा सर्व्हर (मेलची ने-आण करणारा संगणक) समोरच्या सर्व्हरला आधी नमस्कार करतो, मग ‘हा मेल अमक्याकडून’ सांगतो, मग ‘तमक्यासाठी’, आणि मग मजकूर ओततो. ‘अमक्याकडून’ हे पाकिटावरचं नाव. आत, मजकुराच्या डोक्यावर, पाठवणाऱ्याचं नाव परत एकदा असतं, ते लेटरहेडवरचं. आपल्याला इनबॉक्समध्ये दिसतं ते लेटरहेड. पाकीट सर्व्हर फाडून टाकतो. दोन्ही नावं एकच असावीत असा नियम नव्हता आणि खरी असावीत असाही नव्हता. कुणीही कुणाचंही नाव लिहावं. पाठवणाऱ्याला पासवर्ड विचारायची पद्धतसुद्धा थेट १९९९ मध्ये नियमात आली.

शिवाय शेजारधर्म होता. कुणाचाही मेल कुणासाठीही आला तरी सर्व्हर तो पुढे ढकलायचा. याला ओपन रिले म्हणत. नव्वदच्या दशकात इंटरनेट बाजारात उतरलं, आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने सामान्यांना जोडण्या द्यायला सुरुवात केली, पुढच्या वर्षी हॉटमेलने फुकट मेलबॉक्स वाटले, आणि जाहिरातवाल्यांना हा शेजारधर्म म्हणजे फुकटचा टपालखर्च वाटला. सेंडमेल या त्या काळच्या सर्वात प्रचलित मेल प्रोग्रॅमने १९९८ च्या आवृत्तीत हे दार मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली.

तोवर लोकांनी काळ्या याद्या काढल्या होत्या. कॅलिफोर्नियात पॉल व्हिक्सी आणि मंडळींची यादी, १९९८ पासून लंडनमध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांची स्पॅमहाउस. युक्ती सुंदर आहे: मेल आणणाऱ्या सर्व्हरचा आयपी क्रमांक, म्हणजे जाळ्यावरचा त्याचा पत्ता, उलटा लिहून डीएनएसला, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या इंटरनेटच्या सार्वजनिक वहीला, विचारायचा, १२७.०.०.२ सारखं उत्तर आलं की समजायचं, नाव यादीत आहे. पण यादीत असतो तो आयपी, माणूस नव्हे. स्वस्तातल्या होस्टिंगवर शेकडो वेबसाइट एकाच क्रमांकावर नांदतात. त्यातल्या एकाने चावटपणा केला की सुक्याबरोबर ओलंही जळतं. आजही ‘काल जात होते, आज अचानक एकही मेल जात नाही’ असा फोन आला तर मी पहिल्यांदा हेच बघतो.

दुसरी वाट मजकूर वाचण्याची. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने अठराव्या शतकातल्या थॉमस बेज या पाद्र्याचं संभाव्यतेचं गणित मेलला लावलं. नियम कुणी लिहायचे नाहीत. चांगल्या-वाईट मेलचे दोन ढीग यंत्रापुढे टाकायचे आणि कुठला शब्द कुठल्या ढिगात किती येतो हे त्यालाच मोजू द्यायचं. त्यात एक गंमत निघाली. वेबपानं लिहायच्या एचटीएमएल भाषेतला भडक लाल रंगाचा सांकेतिक क्रमांक कुठल्याही अश्लील शब्दाइतकाच पक्का पुरावा ठरला. भोसरीतली लाल सही काळी करण्याचा सल्ला असा वीस वर्षांपूर्वीच्या शहाणपणातून आलेला होता. तेव्हा तो बरोबर होता. आता मोठ्या मेलसेवा रंगाआधी ओळखपत्र बघतात.

ओळखपत्राची गोष्ट तीन टप्प्यांत घडली. २००३ मध्ये मेंग वेंग वाँग यांनी एसपीएफ पुढे केलं: आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरना आहे, ही यादी डोमेनवाल्यानेच डीएनएसमध्ये लावायची. पण एसपीएफ तपासतं पाकीट. शिवाय मेल कुणी आपोआप पुढे पाठवला, की नवा सर्व्हर यादीत नसल्याने तपासणी कोसळते. दुसरा टप्पा डीकेआयएम. याहू आणि सिस्को यांच्या दोन वेगळ्या योजना एकत्र करून २००७ मध्ये तो नियमबद्ध झाला. यात मेलवर डोमेनची गणिती मोहोर उमटते आणि मजकुराला धक्का न लावता पुढे गेला तर ती टिकते. मधल्या काळात, जानेवारी २००४ मध्ये, बिल गेट्स दाव्होसला दोन वर्षांत स्पॅम संपेल असं सांगून आले होते. असो.

दोन्ही आले तरी लेटरहेड मोकळंच. लबाड माणूस पाकिटावर स्वतःचं डोमेन लिहायचा, मोहोरही स्वतःचीच, दोन्ही तपासण्या रीतसर पास, आणि लेटरहेडवर बँकेचं नाव. हे भगदाड बुजवायला पेपॅल, गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी जानेवारी २०१२ मध्ये डीमार्क जाहीर केलं. त्याचं म्हणणं असं: पाकीट किंवा मोहोर, निदान एकाचं डोमेन लेटरहेडशी जुळलं पाहिजे. आणि न जुळल्यास काय करायचं तेही डोमेनवाल्यानेच लिहून ठेवायचं: काही करू नका, स्पॅममध्ये टाका, किंवा दारातूनच परत पाठवा. एप्रिल २०१४ मध्ये याहूने स्वतःच्या पत्त्यांसाठी तिसरा पर्याय लावला आणि जगभरच्या मेलिंग लिस्ट, म्हणजे एका सभासदाचा मेल त्याच्याच नावाने बाकीच्यांना वाटणाऱ्या याद्या, एका रात्रीत अडल्या. याहूचा पत्ता लेटरहेडवर घालून दुसऱ्याच सेवेकडून घाऊक मेल पाठवणारे दुकानदारही त्यात सापडले.

कायद्याने काय केलं? अमेरिकेत २००३ चा कॅन-स्पॅम कायदा आहे. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६ए कलम आलं. त्रास देणाऱ्या किंवा उगमाबद्दल दिशाभूल करणाऱ्या ईमेलसाठी त्यात वेगळं पोटकलम होतं. पण ते कलम गाजलं पालघरच्या अटकांनी. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरासाठी दोन मुलींना पकडलं, देशभर गदारोळ झाला आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने सबंध कलम रद्द केलं. कलम जायलाच हवं होतं. त्याच्याबरोबर ईमेलचं पोटकलमही गेलं, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

म्हणजे दांडा राहिला मेलसेवांच्याच हाती. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पाठवणाऱ्यांना डीमार्कसह तिन्ही सक्तीचे केले. जाहिरातींच्या मेलना एका क्लिकवर नाव कमी करण्याची सोय हवी आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांखाली हव्यात, हेही त्यात आलं. गूगलची घाऊकची मर्यादा जीमेलच्या पत्त्यांना दिवसाला ५,००० मेल. मे २०२५ मध्ये आउटलुकनेही तीच वाट धरली. दिवसाला पंधरा बिलं पाठवणाऱ्या कारखान्याचा खरं तर याच्याशी काही संबंध नव्हता. पण धसका सगळ्यांनी घेतला.

भोसरीतही तेच झालं होतं. गिऱ्हाइकाच्या परचेसमधल्या मुलीला मी स्पॅममधल्या बिलाचं मूळ रूप उघडायला सांगितलं. तपासणीच्या निकालाची ओळ सापडली: एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क फेल. दोन पास आणि एक फेल बघून मालक म्हणाले, ‘काठावर तरी पास करायचं की!’ बिलं जात होती बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधून. पाकीट सॉफ्टवेअर कंपनीचं, मोहोरही तिचीच, लेटरहेड कारखान्याचं. वरच्या बँकेच्या लबाडीत आणि यात यंत्राला काडीचाही फरक दिसत नाही. आणि स्पॅममध्ये टाका हा हुकूम कुणाचा? कारखान्याचाच. २०२४ च्या गडबडीत वेबसाइट करणाऱ्या मुलाने कुठूनतरी डीमार्कची नोंद जशीच्या तशी चिकटवली होती, दुसऱ्या पर्यायासकट. जोडीला एसपीएफच्या दोन नोंदी होत्या. नियमाने एकच चालते, दोन असल्या की तपासणी चूक दाखवून थांबते. गूगलवरून जाणारी कोटेशनं इतके महिने केवळ डीकेआयएमच्या जीवावर पोचत होती.

डीएनएसचा पासवर्ड त्या मुलाकडून मिळवण्यात पहिली दुपार गेली. दुसरीत दोन नोंदींची एक केली, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ‘स्वतःचं डोमेन’ चालू करून त्याने दिलेल्या मोहोरेच्या नोंदी भरल्या, डीमार्क तात्पुरता ‘काही करू नका’वर आणला आणि त्याचे रोजचे अहवाल मालकांच्या मेलवर सुरू केले. चौथ्या दिवशी त्यांचा फोन. बिलं इनबॉक्समध्ये जात होती, पण अहवालात एक अनोळखी सर्व्हर त्यांच्या नावाने मेल पाठवताना दिसत होता. तो निघाला त्यांच्या जुन्या वेबसाइटचा. नवी साइट झाल्यावर ती बंद करायचं राहून गेलं होतं आणि तिच्यावरचा चौकशीचा फॉर्म अजून कुणीतरी भरत होतं.